जडवस्तू संग्रहातल्या खुर्च्या

सरकारी कचेरीतल्या जुन्या खुर्चीच्या पाठीमागे पांढऱ्या रंगात काहीतरी लिहिलेले असते. खात्याच्या नावाची आद्याक्षरे, एक तिरकी रेघ आणि क्रमांक. अक्षर बहुधा वाकडे असते, रंग ओघळलेला असतो. त्या क्रमांकाची जोडी कपाटातल्या एका लांबट नोंदवहीत सापडते. बोलण्यात तिला 'डेडस्टॉक रजिस्टर' म्हणतात, शासकीय मराठीत 'जडवस्तू संग्रह नोंदवही'. ज्याने कचेरीत चार वर्षे काढली आहेत त्याला या क्रमांकात पाहण्यासारखे काही वाटत नाही.

असाच एक क्रमांक मी परदेशातल्या एका लिलावाच्या कॅटलॉगमध्ये प्रथम पाहिला, तेव्हा थोडा वेळ हसू आले. पानभर खुर्चीचे छायाचित्र होते आणि खाली कोपऱ्यात तिच्या पाठीवरच्या त्या रंगवलेल्या अक्षरांचे जवळून घेतलेले वेगळे छायाचित्र, एखाद्या चित्रावरची चित्रकाराची सही दाखवावी तसे. खुर्ची चंदीगडची होती. ही वस्तू सरकारची आहे, येथून हलवू नये, असे बजावण्यासाठी जो क्रमांक रंगवला गेला, तोच आता ही वस्तू खरोखर तिथूनच हलवलेली आहे याचा दाखला म्हणून छापला जातो. तो क्रमांक असला की किंमत वाढते, पुसलेला असला की शंका निघतात.

विसाव्या शतकाच्या मध्यावर घडवलेला एक मोठा फर्निचरसंग्रह नव्या घरी कसा जातो, तिथे काय होतो आणि मागे काय उरते, या प्रश्नाला चंदीगडइतके बोलके उदाहरण आपल्या देशात दुसरे नाही. त्यावर अमेरिकन कलावंत एमी सीगल यांनी २०१३ मध्ये 'प्रॉव्हेनन्स' नावाचा सुमारे चाळीस मिनिटांचा चित्रपट केला. शीर्षकाचा अर्थ वस्तूच्या मालकीची परंपरा, ती कोणाकडून कोणाकडे गेली याचा माग. चित्रपट चांगला आहे. त्याच्याशी माझे भांडण मात्र आहे, आणि ते मांडायचे तर आधी त्या खुर्च्यांची हकिगत सांगायला हवी.

फाळणीत लाहोर गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. नवी राजधानी म्हणून चंदीगड उभे राहिले. म्हणजे हे शहरच मुळी घर गमावलेल्यांचे नवे घर होते. आराखड्याचे पहिले काम अमेरिकन नियोजक आल्बर्ट मायर यांच्याकडे होते. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेले आणि काम ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले. कॉर्बुझिए वर्षातून थोडे दिवस येत आणि परत जात. मागे राहिले ते त्यांचे चुलतभाऊ पिएर जानरे. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य तीन वर्षांच्या करारावर आले आणि करार संपल्यावर गेले. जानरे १९५१ ते १९६५ अशी चौदा वर्षे तिथे राहिले, पुढे पंजाब सरकारचे मुख्य वास्तुरचनाकार झाले, आजारी पडल्यावर नाइलाजाने परतले आणि १९६७ मध्ये जिनिव्हात वारले. त्यांच्या अस्थी त्यांच्या इच्छेनुसार १९७० मध्ये चंदीगडच्या सुखना तलावात सोडण्यात आल्या.

नवे सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा, विद्यापीठ, महाविद्यालये, ग्रंथालये आणि मंत्र्यापासून शिपायापर्यंत श्रेणीवार बांधलेली सरकारी घरे, या सगळ्यांना एकदम बसायला, लिहायला, कागद ठेवायला सामान हवे होते. पैसा बेताचा होता. तयार फर्निचर पुरवणारे कारखाने जवळपास नव्हते. सुतार मात्र होते. जानरे आणि त्यांच्या हाताखालचे तरुण भारतीय वास्तुरचनाकार यांनी साधी रेखाटने केली, ती ठिकठिकाणच्या कारखानदारांना आणि ठेकेदारांना वाटली आणि हजारोंच्या संख्येने खुर्च्या, मेजे, बाके, कपाटे, स्टुले तयार झाली. सागवान आणि शिसवी लाकूड, बसायला-टेकायला वेताची वीण. हवा खेळती राहावी, वेत तुटला तर गावातल्या माणसाने परत विणून द्यावा, पाय मोडला तर कोणत्याही सुताराने बदलावा, असा तो हिशेब होता.

त्यातली सर्वांत प्रसिद्ध झालेली कचेरीची खुर्ची डोळ्यांपुढे आणायची तर शाळेच्या कंपासपेटीतले कर्कटक उघडून धरावे. दोन्ही बाजूंना तसे खाली फाकलेले जाडजूड लाकडी पाय आणि त्यांच्यावर टेकलेले हात. पाय निमुळते असले तरी नाजूक नाहीत. सुताराला कठीण पडेल असा एकही सांधा त्यात मुद्दाम घातलेला नाही. या खुर्चीकडे पाहताना बुद्धीचा झगमगाट जाणवत नाही, एक प्रकारचा समंजसपणा जाणवतो. ती कॉर्बुझिएंची नसून जानरेंची आहे, हे मला तिच्या स्वभावावरून पटते.

आता 'जानरेंची' म्हणजे काय, हा प्रश्न येतोच. त्यांच्या चमूत युली चौधरी होत्या, जीत मल्होत्रा होते, आदित्य प्रकाश होते. ग्रंथालयातल्या एका खुर्चीचे श्रेय आता युली चौधरींना दिले जाते. कितीतरी वस्तूंचे मूळ रेखाटन नेमके कोणाचे, हे कागदावरून सिद्ध होत नाही. एकच रेखाटन वेगवेगळ्या कारखान्यांत गेल्यामुळे एकाच जातीच्या दोन खुर्च्यांत हाताची जाडी, पायाचा कोन, टेकणीचा उतार वेगळा निघतो. बाजाराच्या दृष्टीने ही मोठीच अडचण आहे, कारण अस्सल नमुना एकच असे म्हणता येत नाही. नकली मालाला वाव मिळतो तो इथेच. सुताराच्या दृष्टीने ही अडचण नाही. त्याने मिळालेल्या लाकडातून काम काढले. त्याचे नाव ना रेखाटनावर, ना खुर्चीवर.

चाळीसेक वर्षे या वस्तूंवर माणसे बसली, त्यांवर चहा सांडला, फायली रचल्या. मग वेत फाटला, गोदरेजच्या लोखंडी खुर्च्या आल्या, फोम आला, चाकांच्या फिरत्या खुर्च्या आल्या. जुने सामान गच्चीवर, जिन्याखाली, मोकळ्या आवारात ढिगाने जाऊन पडले. यानंतर जे घडले त्याचे वर्णन करायला मराठीत एक अचूक शब्द आहे आणि तो कचेरीनेच भाषेला दिलेला आहे: 'कंडम'. इंग्रजीतली शिक्षा सुनावण्याची क्रिया आपण मोडक्या खुर्चीला विशेषण म्हणून लावली. वस्तू कंडम ठरली की तिचे निर्लेखन होते, म्हणजे तिची नोंद वहीतून कमी होते. आणि निर्लेखित साहित्याचा जाहीर लिलाव होतो. चंदीगडमध्ये तेच, रीतसर, होत राहिले. बोली लावायला भंगारवाले आणि जुन्या लाकडाचे व्यापारी येत. १९९९च्या सुमारास त्यांच्यात पॅरिसचे दालनवाले मिसळले. एरिक तुशालोम, फ्रांस्वा लाफानूर, पात्रिक सगँ, फिलिप जूस ही त्यांतली नावे पुढे प्रसिद्ध झाली. त्यांनी ढीगच्या ढीग उचलले, कंटेनर भरले, नेऊन दुरुस्त केले, पुस्तके छापली, प्रदर्शने भरवली आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावगृहांतून एकेक नग विकायला काढला. इथे भंगाराच्या दराने गेलेली खुर्ची तिथे काही हजार डॉलरला जाऊ लागली, दुर्मीळ मेजांची किंमत त्याच्याही कितीतरी पुढे गेली. शहराचा नकाशा कोरलेली मॅनहोलची ओतीव झाकणेसुद्धा लिलावात आली. फर्निचर सोडा, रस्त्याचे झाकणही!

भारतात ओरड झाली ती या किमती ऐकून. २०११ मध्ये शिकागोच्या राइट या लिलावगृहात असा माल निघाला तेव्हा तो थांबवण्याचे प्रयत्न झाले, ते फसले. फसणारच होते. विकणाऱ्यांकडे सरकारी लिलावाच्या पावत्या होत्या. त्याच वर्षी केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा-वस्तू विकण्यावर बंदी घातली. चंदीगड प्रशासनाच्या यादीत अशा १२,७९३ वस्तूंची नोंद झाली. २०१६ मध्ये कॅपिटॉल संकुल जागतिक वारसास्थळांत गेले. क्रम पाहण्यासारखा आहे: आधी वस्तू गेल्या, मग किंमत कळली, मग यादी झाली.

सीगल यांनी हा सगळा क्रम उलटा केला आहे. चित्रपट सुरू होतो तो आजच्या मालकांच्या घरांत. न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस, बेल्जियम. पांढऱ्या भिंती, मोठी चित्रे, दबकी शांतता आणि त्यात चंदीगडच्या खुर्च्या. कॅमेरा संथपणे सरकत जातो. निवेदन नाही, मुलाखत नाही, कोणी काही समजावून सांगत नाही. तिथून आपण मागे जातो: लिलाव, लिलावापूर्वीची मांडणी, कॅटलॉगसाठीचे छायाचित्रण, दुरुस्तीचे कारखाने, जहाजावरचे कंटेनर, भारतातले बंदर आणि शेवटी चंदीगड. जे चकचकीत होते ते टप्प्याटप्प्याने मळत जाते. एखाद्या चित्रावरची नवी पुटे खरवडून काढावीत तशी एकेका टप्प्यावर किंमत गळून पडते. शेवटी आपण कामाच्या जागी पोचतो, तिथे ही वस्तू पुन्हा अनेक वस्तूंपैकी एक होते. हा उलटा प्रवास ही चित्रपटाची खरी करामत आहे. तो सरळ क्रमाने सांगितला असता तर ती भंगारातून महालात गेलेल्या राजकन्येची गोष्ट झाली असती.

सीगल तिथे थांबल्या नाहीत. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्यांनी हा चित्रपटच लंडनच्या ख्रिस्तीजमध्ये लिलावाला ठेवला आणि त्या लिलावाचे चित्रण करून 'लॉट २४८' हा दुसरा छोटा चित्रपट केला. म्हणजे वस्तूंच्या बाजारावर बोट ठेवणारी कलाकृती स्वतः त्याच बाजारात वस्तू म्हणून उभी राहिली. कोणाला हा चलाखपणा वाटेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. आपण बाजाराबाहेर उभे आहोत असा आव त्यांनी आणला नाही. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 'प्रॉव्हेनन्स' दाखवला.

माझे भांडण आहे ते त्या मौनाशी. बोलायचे नाही, फक्त दाखवायचे, ही शिस्त श्रीमंत घरांच्या भागात धारदार वाटते. घरे स्वतःविरुद्ध साक्ष देतात. चंदीगडमध्ये आल्यावर मात्र तेच मौन वेगळे काम करते. तिथे माणसे आहेत, पण ज्या सरकत्या, सुबक चौकटीत आधी दिवाणखाने पाहिले त्याच चौकटीत ती दिसतात. कंडम ठरवणारा शेरा, समितीची सही, बोलीचा तक्ता, भंगारवाल्याची पावती यांचे चित्र होत नाही. आणि या साऱ्या प्रवासातला निर्णायक क्षण नेमका तोच आहे. बंदरावरचा कंटेनर हा परिणाम झाला. वस्तू घरातून बाहेर पडली ती एका रकान्यात रेघ मारली गेली तेव्हा. ती रेघ न दिसल्यामुळे भारतीय प्रेक्षकाला सोयीचा निष्कर्ष काढता येतो: आमचा ठेवा त्यांनी लुटला. चित्रपट असे म्हणत नाही, पण तसे म्हणू देतो.

हे मी दुसऱ्यांवर बोट दाखवण्यासाठी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयाच्या निर्लेखन समितीवर तीन सदस्यांतला एक म्हणून माझी नेमणूक झाली होती. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत सागवानी वाचनमेजे आणि वेताच्या खुर्च्या रचलेल्या होत्या. यादीत लिहिले होते: 'लाकडी खुर्ची, नग ४२, वापरण्यायोग्य नाही.' आम्ही दारातून आत पाहिले, धूळ फार होती, मोजल्यासारखे केले आणि सह्या केल्या. त्या कोणी घडवल्या होत्या, हे विचारायचे सुचलेच नाही. विचारले असते तरी सांगणार कोण? नोंदवहीत रकाने होते ते अनुक्रमांक, वस्तूचे वर्णन, नग, दर, खरेदीचा दिनांक, शेरा एवढेच. घडवणाऱ्यासाठी रकाना नव्हता. त्या खुर्च्या जानरेंच्या नव्हत्या, याची मला खात्री आहे. त्यामुळे माझी चूक लहान ठरते असे मात्र मला वाटत नाही.

त्या नोंदवहीशेजारी लिलावाचा कॅटलॉग ठेवून वाचला की दोन्ही दस्तऐवज एकमेकांचे उलटे प्रतिबिंब वाटतात. नोंदवहीत घडवणारा नाही, फक्त संख्या आणि दर. कॅटलॉगमध्ये घडवणाऱ्याचे एकच मोठे नाव सर्वांत वर असते, आणि हजारांतली एक म्हणून घडलेली खुर्ची तिथे एकटीच, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, जणू एका माणसाने एका दिवशी एकदाच केली अशी उभी असते. सुतार दोन्हीकडे नाही. तिच्यावर वीस वर्षे बसलेला कारकून दोन्हीकडे नाही. दुरुस्तीत जुना रंग, जुना वेत, बसण्याने पडलेली झीज बऱ्याचदा निघून जाते. ठेवतात तो पाठीवरचा क्रमांक, कारण तो विकला जातो.

कायद्याकडे वळावे तर तिथेही घराचा पत्ता मिळत नाही. १९७२च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार वस्तू पुरावस्तू ठरायला शंभर वर्षे लागतात. सांस्कृतिक मालमत्तेच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा १९७०चा करार भारताने १९७७ मध्ये स्वीकारला; त्यातही फर्निचरचा वेगळा उल्लेख आहे तो शंभर वर्षांहून जुन्या फर्निचरचा. १९५५ साली केलेली खुर्ची म्हणजे २०५५ पर्यंत कायद्याच्या लेखी नुसती जुनी खुर्ची. आपल्या कायद्यात दुसरी एक वाट आहे. शंभर वर्षे झाली नसली तरी कलामूल्य पाहून केंद्र सरकार एखादी कृती 'कलानिधी' म्हणून जाहीर करू शकते. अट एवढीच की कर्ता हयात नसावा. रविवर्मा, रवींद्रनाथ, अमृता शेरगिल, जामिनी रॉय अशा नऊ कलावंतांच्या कृतींना हे संरक्षण मिळाले आहे. नऊही जण आपल्याला चित्रकार म्हणून ठाऊक आहेत. चित्राला कर्ता असतो, सही असते, चित्र एकच असते. ठेकेदारामार्फत शेकडोंच्या संख्येने झालेल्या, अनेक हातांच्या खुर्चीचा कर्ता कोण म्हणायचा? जानरे १९६७ मध्ये गेले, युली चौधरी १९९५ मध्ये. सुतार कधी गेले हे लिहिलेले नाही. कायद्यालाही, गंमत अशी, कॅटलॉगसारखेच एक नाव हवे असते.

मग या संग्रहाचे योग्य घर कोणते? पॅरिसच्या दालनवाल्यांचे म्हणणे असे की आम्ही उचलले नसते तर हे जळाऊ लाकूड झाले असते. हा युक्तिवाद ऐकून आपल्याला राग येतो. पण त्या ढिगांची छायाचित्रे पाहिल्यावर तो पूर्ण खोडता येत नाही. त्यांनी वाचवले हे खरे. त्यांनी ज्या रूपात वाचवले त्या रूपात वस्तूचे मूळ काम, म्हणजे पुष्कळांना स्वस्तात नीट बसू देणे, शिल्लक राहिले नाही, हेही तेवढेच खरे. त्या दिवाणखान्यांत तिच्यावर कोणी बसत असेलही. पण रांगेतली जागा मिळावी म्हणून धावत येऊन बसणार नाही.

चंदीगडमध्ये सेक्टर ५ मधले ५७ क्रमांकाचे जानरेंचे राहते घर २०१७ पासून संग्रहालय झाले आहे. सेक्टर १९ मध्ये जुन्या वास्तुरचना कार्यालयात कॉर्बुझिए केंद्र आहे. दोन्ही हवीत. जानरेंच्या घरी त्यांच्याच हातच्या वस्तू पाहणे हे कोणत्याही लिलावगृहापेक्षा निश्चितच बरे. पण बारा हजारांहून अधिक वस्तू दोन घरांत मावणार नाहीत, आणि मावल्या तरी दोरी बांधलेली खुर्ची ही एक अर्धीच खुर्ची असते. बंगळूरची फँटम हँड्स ही संस्था जुन्या रेखाटनांच्या आधाराने नव्या खुर्च्या करते. सुरुवातीला मला ही नक्कल वाटली होती. आता वाटते की जी वस्तू मुळातच रेखाटन वाटून अनेक कारखान्यांत घडली तिच्या बाबतीत नव्याने घडवणे हे मूळ पद्धतीला धरूनच आहे. फक्त किंमत मूळ पद्धतीला धरून नाही.

सर्वांत चांगले घर मला अजूनही त्या इमारतींतच दिसते ज्यांच्यासाठी या वस्तू झाल्या, आणि तिथेही प्रदर्शनात नव्हे, कामात. वाचनालयाचे मेज वाचनालयात असावे. वेत तुटला तर विणावा, पाय बदलला तर बदलल्याची तारीख लिहावी. यासाठी वेगळे स्मारक लागत नाही. लागते ती देखभालीची थोडी तरतूद, वेत विणणारा माणूस आणि नोंदवहीत दोन-तीन जादा रकाने: रेखाटन कोणाचे, घडवली कोणत्या कारखान्यात, दुरुस्ती कोणी केव्हा केली. १२,७९३ हा आकडा मोजणीचा आहे. यादी आणि हकिगत यांत जे अंतर असते ते त्या रकान्यांनी थोडेफार भरता येईल, आणि ज्यांना अजून त्या कारखान्यांची नावे आठवतात अशी माणसे आहेत तोवरच ते भरता येईल.

सीगल यांचा चित्रपट मी पुन्हा पाहिला तो हे सगळे डोक्यात असताना. या वेळी दिवाणखान्यांकडे फार लक्ष गेले नाही. कॅमेरा खुर्च्यांच्या मागून सरकू लागला की मी पाठीवरचा क्रमांक शोधत होतो, आणि तो दिसला की त्याच्यासमोरच्या शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिले असेल, त्याखाली कोणाकोणाच्या तीन सह्या असतील, हे मनात जुळवत होतो.